न बोलाविलेल्यांचा उत्सव

आमच्या वाचकांस ठाऊक आहे कीं, ह्या पानावर आम्ही बहुधा घरांतल्या आणि अंगणांतल्या गोष्टींविषयींच बोलत असतों. ह्या महिन्यांत मात्र प्रारंभ फार दूरच्या एका शहरापासून करावा लागत आहे. वाचकांनीं थोडा धीर धरावा. शेवटीं आपण परत घरींच येणार आहों.

आमची एक पुतणी शिक्षणानिमित्त स्कॉटलंडची राजधानी जें एडिंबरो शहर तेथें राहते. गेल्या भाद्रपदांत तिचें एक लांबलचक पत्र आलें. त्यांत तेथील ऑगस्ट महिन्यांतल्या उत्सवाचें वर्णन होतें. जुन्या शहराच्या मुख्य रस्त्यावर पावलापावलाला कोणी गात आहे, कोणी नाचत आहे, कोणी हातांत पत्रकें घेऊन आपल्या नाटकास येण्याविषयीं वाटसरूंची मनधरणी करीत आहे. चर्चचीं सभागृहें, शाळांचे वर्ग आणि खानावळींचीं तळघरेंसुद्धां महिनाभर नाट्यगृहें झालीं आहेत, असें तिनें लिहिलें होतें. ती स्वतः एका प्रयोगास गेली तेव्हां नट पांच आणि प्रेक्षक चौघे होते. तरी नटांनीं आपला प्रयोग शेवटच्या शब्दापर्यंत मनापासून केला. हें सर्व वाचून आम्हांस मौज वाटली. परंतु पत्राच्या शेवटीं तिनें जातां जातां एक प्रश्न विचारला होता. तो असा: "काका, आत्याआजींच्या ओव्या कोणीं लिहून ठेवल्या आहेत का?"

त्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस ठाऊक होतें, आणि तें देण्याची आम्हांस लाज वाटली. हा प्रश्न तिला त्या उत्सवाच्या दिवसांतच कां सुचावा, हें समजण्यासाठीं त्या उत्सवाची जन्मकथा आधीं सांगितली पाहिजे.

दुसरें महायुद्ध १९४५ सालीं संपलें. युरोपांतील शहरें मोडून पडलीं होतीं, ब्रिटनमध्यें अन्नवस्त्रावर नियंत्रण होतें, आणि माणसांचीं मनें थकून गेलीं होतीं. अशा वेळीं, मूळचे व्हिएन्नाचे पण इंग्लंडांत येऊन राहिलेले रुडॉल्फ बिंग नांवाचे एक संगीतनाट्याचे व्यवस्थापक होते, त्यांनीं अशी कल्पना मांडली कीं, एखाद्या शाबूत राहिलेल्या सुंदर शहरांत सर्व राष्ट्रांच्या उत्तमोत्तम कलावंतांस एकत्र आणावें. एडिंबरोच्या नगराध्यक्षांनीं ही कल्पना उचलून धरली, आणि ऑगस्ट १९४७ मध्यें तेथें पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव भरला. नाझी अमलामुळें देशोधडीस लागलेले वाद्यवृंदाचे विख्यात संचालक ब्रूनो वाल्टर आणि व्हिएन्नाचा त्यांचा जुना वाद्यवृंद यांची त्या उत्सवांत पुनः भेट झाली. एवढ्या एका प्रसंगावरून त्या आयोजनाची थोरवी ध्यानांत यावी.

निवड करणारे लोक जाणते होते. त्यांनीं जगांतून वेंचून आणिलें तें खरोखरच उत्तम होतें, ह्यांत शंका नाहीं. परंतु उत्सव ज्या भूमीवर होत होता, त्या स्कॉटलंडच्या नाटकाला मात्र त्या निमंत्रितांच्या पंक्तींत स्थान नव्हतें. कार्य घरचें आणि पान मात्र घरच्याच माणसाचें मांडावयाचें राहिलें, तसा हा प्रकार झाला. अशा वेळीं मानी माणूस रुसून घरीं बसतो. त्या वर्षीं मात्र ८ नाट्यसंघ कोणीं न बोलावितां येऊन दाखल झाले. त्यांपैकीं ६ स्कॉटलंडचे आणि २ इंग्लंडचे होते. ग्लासगोच्या एका संघानें गॉर्कीचें नाटक आणिलें. दुसऱ्या एकानें टी. एस. एलियटचीं पद्यनाटकें केलीं. एक संघ कळसूत्री बाहुल्या घेऊन आला. आणि एकानें तर शहरापासून सुमारें २० मैलांवर, फोर्थच्या खाडीपलीकडे डनफर्मलिन येथील जुन्या मठांत एक मध्ययुगीन धर्मनाटक उभें केलें. ह्यांस सरकारी रंगमंच नव्हता कीं उत्सवाच्या छापील पत्रिकेंत नांव नव्हतें. मिळेल तें सभागृह भाड्यानें घ्यावें, दारावर पाटी लावावी आणि पडदा वर करावा, एवढेंच त्यांनीं केलें. भांडण नाहीं, निषेध नाहीं. उत्सव आमच्या गांवांत आहे, म्हणून आम्हीही आलों आहों, असें जणूं त्यांचें साधें म्हणणें होतें.

पुढच्या वर्षीं, म्हणजे १९४८ सालीं, रॉबर्ट केंप नांवाच्या स्कॉटिश नाटककारानें एका वृत्तपत्रांत लिहितांना ह्या बाहेरच्या मंडळींच्या खटाटोपास 'फ्रिंज' हा शब्द योजिला, आणि तोच पुढें ह्या उत्सवाचें नांव होऊन बसला. फ्रिंज म्हणजे वस्त्राच्या टोकाची झालर, विणीबाहेर लोंबणारे सुटे धागे. आपल्याकडे ह्यांस दशा म्हणतात. शुक्ल द्वितीयेच्या चंद्रास वस्त्राची दशी वाहून नवें वस्त्र मागण्याची चाल आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरीं असेल. चंद्रास वाहावयाचा धागा कोणी मधल्या वेलबुट्टींतून तोडीत नाहीं. तो दशांमधूनच काढितात. योगायोग असा कीं, त्याच १९४८ सालीं मुख्य महोत्सवानेंही स्कॉटलंडचें एक सोळाव्या शतकांतील जुनें नाटक रंगभूमीवर आणिलें, आणि त्याची नवी रंगावृत्ति ह्याच केंप महाशयांनीं सिद्ध केली होती.

ही झालर पुढें वाढत गेली ती कशी, हें आम्हांस विशेष लक्षांत घेण्याजोगें वाटतें. १९५१ सालीं एडिंबरो विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनीं, बाहेरगांवाहून येणाऱ्या संघांसाठीं, स्वस्त जेवण आणि रात्रीपुरतें अंथरूण मिळेल अशी सोय एका ठिकाणीं केली. १९५४ सालीं गांवांतल्याच एका छापखानदारानें ह्या सर्व सुट्या प्रयोगांची एकत्र यादी छापून काढिली, म्हणजे प्रेक्षकांस कोठें काय आहे तें कळावें. १९५८ सालीं संघांनीं मिळून आपली एक संस्था स्थापिली, आणि तिच्या नियमांत असें ठरविलें कीं, कोणाचा प्रयोग घ्यावा आणि कोणाचा नाकारावा हें संस्थेनें ठरवावयाचें नाहीं. ज्यास जागा मिळेल त्यानें यावें. म्हणजे पहा, उत्सवाचा पाया घातला तो अंथरूण देणारांनीं, जेवण देणारांनीं आणि यादी छापणारांनीं. परीक्षक म्हणून त्यांत कोणीच नव्हता.

ह्या उघड्या दारांतून काय आंत आलें? १९६६ सालीं ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनीं एका साध्या सभागृहांत टॉम स्टॉपर्ड नांवाच्या, तोंपर्यंत फारशा कोणास ठाऊक नसलेल्या लेखकाचें एक नाटक केलें. हॅम्लेटमधील दोन दुय्यम पात्रांस नायक करणारें तें नाटक पुढें जगभर गाजलें. संख्येचेंच पहावयाचें तर १९४७ च्या ८ संघांपासून निघालेला हा प्रवाह २०१९ सालीं ३,८४१ प्रयोगसंचांपर्यंत पोंचला होता, आणि त्या वर्षीं ३० लाखांहून अधिक तिकिटें गेलीं. ज्या शहराची वस्ती जेमतेम पांच लाख, त्याच्या दृष्टीनें हा आंकडा केवढा मोठा! २०२० सालीं महामारीमुळें मात्र हा उत्सव नित्याप्रमाणें भरूं शकला नाहीं.

येथें सुज्ञ वाचक एक आक्षेप घेतील, आणि तो रास्त आहे. दार सर्वांस उघडें ठेविलें तर आंत येणाऱ्यांत सुमारांचाच भरणा अधिक होणार नाहीं काय? होतो. आमची पुतणीही तें कबूल करिते. तिनें पाहिलेल्या सात प्रयोगांपैकीं तीन तिला अगदींच नीरस वाटले. परंतु बागेंत शंभर रोपें लाविल्यावर त्यांतलें कोणतें फुलणार, हें माळ्यासही आधीं सांगतां येत नाहीं. परीक्षकाची नजर कितीही तीक्ष्ण असली तरी जें पूर्वीं चांगलें ठरलें आहे तेंच तीस ओळखूं येतें. नव्याची आणि अपरिचिताची ओळख पटण्यासाठीं त्यास आधीं उभें राहूं द्यावें लागतें.

दुसरा आक्षेप ह्याहून गंभीर आहे, आणि तो त्या उत्सवाचे मित्रच घेत असतात. दारांत परीक्षक नाहीं हें खरें. पण त्याच्या जागीं घरमालक येऊन उभा राहिला आहे. ऑगस्ट महिन्यांत त्या शहरांत खोल्यांचीं भाडीं एवढीं चढतात कीं, गरीब कलावंतास तेथें जाणें दरवर्षीं अधिक कठीण होत आहे. नियमांत कोणासही मज्जाव नसला तरी खिसा मज्जाव करितो. ज्या उत्सवाची सुरुवात स्वस्त जेवण आणि एका रात्रीचें अंथरूण ह्यांनीं झाली, त्यांत आज अंथरुणाचीच अडचण पडावी, ह्यांतला बोध आपण विसरूं नये. दार उघडें आहे एवढें म्हणून भागत नाहीं. आलेल्यास बसावयास जागाही द्यावी लागते.

आतां त्या प्रश्नाकडे येऊं. आमच्या पुतणीस आत्याबाईंची आठवण झाली ती ह्या गर्दींत नव्हे. तिच्या विद्यापीठांत स्कॉटलंडचीं लोकगीतें, कथा आणि चालीरीती गोळा करणारा एक विभाग १९५१ सालीं सुरू झाला. तेथील एका व्याख्यानांत तिनें एक जुनें ध्वनिमुद्रण ऐकिलें. त्याची हकीकत अशी आहे.

त्याच १९५१ सालच्या ऑगस्टमध्यें, मुख्य महोत्सवाबाहेर, कामगार-संघटनांच्या पुढाकारानें एक 'लोकांचा महोत्सव' भरविण्यांत आला. त्यांत हेमिश हेंडरसन ह्या कवीनें एका रात्रीं एका सभागृहांत गाण्यांची बैठक ठरविली. अशा बैठकीस तिकडे 'केली' म्हणतात. शब्द गेलिक भाषेंतला आहे. संस्कृत 'केलि' शब्दाशीं त्याचें नातें नाहीं, तरी आपल्या कानास तो परका लागूं नये. त्याचा मूळ अर्थ शेजाऱ्याच्या घरीं जाऊन बसणें, एवढाच आहे. हिंवाळ्याच्या रात्रीं शेजाऱ्याकडे शेकोटीपाशीं जमावें आणि ज्यास जें येत असेल तें त्यानें म्हणावें, ही ती पद्धत. हेंडरसननें त्या रात्रीं व्यासपीठावर बसविलें कोणास? उत्तरेकडील बकी गांवची मासळी विकणारी बाई जेसी मरे. गांवोगांव भटकून मजुरी करणारा आणि गाणारा जिमी मॅकबेथ. जॉन स्ट्रॅकन नांवाचा एक शेतकरी. आणि बारा नांवाच्या दूरच्या बेटावरची फ्लोरा मॅकनील ही तरुणी, जी त्या वेळीं एडिंबरोंत टेलिफोनच्या कचेरींत नोकरी करीत होती. ह्यांपैकीं कोणाचेंही नांव मुख्य महोत्सवाच्या पत्रिकेंत येण्याचा संभव नव्हता. तीं जीं गाणीं म्हणत होतीं तीं त्यांनीं आईकडून, आजीकडून, शेतावरच्या सोबत्यांकडून उचललीं होतीं. शहरांतील पुष्कळ सुशिक्षित स्कॉटिश मंडळींनीं आपल्याच देशाचीं तीं गाणीं त्या रात्रीं प्रथम ऐकिलीं. अमेरिकन संग्राहक ॲलन लोमॅक्स तेथें ध्वनिमुद्रणाचें यंत्र घेऊन हजर होता, म्हणून ती रात्र आजही ऐकावयास मिळते. तो लोकांचा महोत्सव राजकीय संशयाच्या फेऱ्यांत सांपडून १९५४ नंतर बंद पडला. परंतु स्कॉटलंडांत पुढें लोकसंगीताचें जें पुनरुज्जीवन झालें, त्याचा उगम जाणकार लोक त्या रात्रींत पाहतात.

मासळी विकणाऱ्या त्या बाईचा कोठल्याही वाद्याची साथ नसलेला आवाज ऐकतांना आमच्या पुतणीस, तिनें कधीं न पाहिलेल्या, केवळ घरांतल्या गोष्टींतून ऐकलेल्या आत्याआजी आठवल्या.

आमच्या आत्याबाई लहानपणींच विधवा होऊन माहेरीं परत आल्या आणि आयुष्यभर आमच्या घरांत राबल्या. आम्ही शाळेंत जात होतों तेव्हां, म्हणजे १९५५ च्या सुमारास, गांवांत पिठाची गिरणी झाली होती. तरी भाजणी आणि मेतकूट त्या घरच्या जात्यावरच दळीत. पहाटे जात्याची घरघर सुरू झाली कीं तिच्यावर त्यांचा आवाज चढे. सीतेच्या वनवासाच्या, पंढरीच्या वाटेच्या, भावाच्या, कधीं न नांदलेल्या सासरच्या, अशा किती ओव्या त्यांस येत होत्या तें देवच जाणे. त्याच सुमारास वडिलांनीं रेडिओ घेतला. वडील गाण्याचे मोठे षोकी. सकाळीं आकाशवाणीवर नामांकित गवयांचें गाणें लागे, आणि त्या वेळीं जातें चालू असेल तर वडील आम्हांस म्हणत, "जा, आत्याला सांग, जरा थांब म्हणावें, गाणें लागलें आहे." तो निरोप घेऊन स्वयंपाकघरांत धांवत जाणारा मुलगा म्हणजे आम्हीच. आत्याबाई लगेच थांबत. त्या कधीं रागावल्या नाहींत. पुढें पुढें त्या रेडिओ सुरू होण्याच्या आधींच दळण उरकूं लागल्या. आणि कांहीं वर्षांनीं जातें माळ्यावर गेलें. १९७८ सालीं त्या वारल्या. त्यांच्या एकाही ओवीचा एकही शब्द आमच्या घरांत कोठें लिहिलेला नाहीं.

वडिलांच्या अभिरुचीस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. तीच आम्हांस वारशानें मिळाली आहे, आणि तिनें आम्हांस जन्मभर आनंद दिला आहे. परंतु "गाणें लागलें आहे" ह्या तीन शब्दांत, आत्याबाई जें करीत होत्या तें गाणें नव्हे, असा निकाल दिलेला होता. आणि तो निकाल आम्ही रोज पोंचवीत होतों, हें कळावयास आम्हांस सारें आयुष्य लागलें. गेलेलें भरून येत नाहीं, ही खरी हानि आहे. सुदैव एवढेंच कीं, सर्वच घरें आमच्याएवढीं बेफिकीर नव्हतीं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ ह्या अभ्यासकांनीं मुळशी-मावळच्या आणि महाराष्ट्रांतील इतर अनेक गांवांतून फिरून जात्यावरच्या १ लाखाहून अधिक ओव्या गोळा करून ठेविल्या आहेत. हें काम जगांतल्या कोणत्याही संग्रहाशेजारीं ठेवावें एवढें मोठें आहे. ते दोघेही आज हयात नाहींत. त्या बायकांपैकींही पुष्कळ आज नसतील. परंतु ओव्या आहेत.

ही जुनी गोष्ट झाली असें म्हणून वाचकांनीं समाधान मानूं नये. आत्याबाईंना गप्प बसविण्याची आमची रीत अजून चालू आहे. फक्त तिचें रूप बदललें आहे. पुतणीचें पत्र येण्याच्या महिनाभर आधीं, गेल्या श्रावणांत, आम्ही एका आप्तांकडे मंगळागौरीस गेलों होतों. पूजा यथासांग झाली. मग एकसारख्या रंगाचीं नऊवारी लुगडीं नेसलेला बारा जणींचा एक संच आला. त्यांस बिदागी ठरवून बोलाविलें होतें. झिम्मा, फुगड्या, पिंगा, सूप नाचविणें, सर्व कांहीं त्यांनीं सफाईनें आणि घड्याळाकडे पाहून केलें. त्यांच्या मेहनतीस आम्ही दाद देतों. त्यांच्यामुळेंच हे खेळ आज दिसतात, हेंही खरें आहे. परंतु घरच्या लेकीसुना खुर्च्यांवर बसून चित्रें टिपीत होत्या. आमच्याच इमारतींत तळमजल्यावर राहणाऱ्या एक आजी तेथें आल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढें. आम्ही पाहिलें तों खुर्चीखालीं त्यांचीं पावलें ठेका धरीत होतीं. परत येतांना आम्हीं त्यांस विचारिलें, "आजी, तुम्हांलाही हें सारें येत असेल?" त्या म्हणाल्या, "येतं की. पण मला कुणी विचारलंच नाही." 

पुढें पुतणीचा प्रश्न आला, आणि ह्या वाक्याची आम्हांस पुनः आठवण झाली. आत्याबाईंना विचारण्याची वेळ गेली होती. आजींना विचारण्याची गेली नव्हती.

आमच्या इमारतीस तळाशीं एक लहानसें सभागृह आहे. त्यास एरवीं कुलूप असतें. सभा आणि मुलांचे वाढदिवस एवढ्यापुरतेंच तें उघडतें. कोजागिरीस दरवर्षीं बाहेरून एखादा गायक बोलावावा, वर्गणी काढावी, आणि मसाल्याचें दूध पिऊन घरीं जावें, असा परिपाठ होता. ह्या खेपेस आम्हीं सुचविलें कीं, बाहेरचें कोणी बोलावूं नये. फळ्यावर एक कोरा कागद लावावा. ज्यास कांहीं करावयाचें असेल त्यानें आपलें नांव लिहावें. निवड नाहीं, पारितोषिक नाहीं, प्रमुख पाहुणे नाहींत. प्रत्येकास १० मिनिटें. इमारतींत राहणारे आणि इमारतींत काम करणारे, दोघांसही तो कागद मोकळा. ह्यावर थोडी कुरकुर झाली. "कोणीच नांव दिलें नाहीं तर शोभा होईल," असें एक गृहस्थ म्हणाले. आठ दिवसांत ११ नांवें आलीं.

त्या रात्रीचें वर्णन आम्ही फुगवून करणार नाहीं. एका मुलाची बांसरी तीनदां अडली. एका निवृत्त गृहस्थांनीं स्वरचित कविता म्हटल्या आणि १० मिनिटांचीं २५ केलीं. दूध निवून गेलें. रत्नागिरीकडच्या आमच्या पहारेकऱ्यानें मात्र पायांत चाळ बांधून आपल्या गांवच्या जाखडीचा असा कांहीं फेर धरिला कीं, रोज ज्याच्याकडून किल्ल्या घेतों त्या माणसास आम्ही प्रथमच पहात आहों, असें आम्हांस वाटलें. दोन बहिणींनीं भिंतीवर आपलीं चित्रें लाविलीं होतीं.

शेवटीं आजी उठल्या. त्यांस खुर्चीवर बसावयाचें नव्हतें. सतरंजीवर मांडी घालून त्यांनीं डोळे मिटले आणि ओव्या सुरू केल्या. आवाज कांपरा होता, पण चाल पक्की होती. सात ओव्या झाल्या. आठव्या ओवीच्या तिसऱ्या चरणावर त्या अडल्या. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. सभागृहांत अवघडल्यासारखी शांतता पसरली. तेवढ्यांत मागच्या दारापाशीं, दुधाचे पेले धुण्यासाठीं थांबलेल्या स्वयंपाकाच्या बाई उभ्या होत्या, त्यांनीं तेथूनच तो चरण उचलला आणि ओवी पुरी केली. बाई मावळांतल्या. तीच ओवी, फक्त एक शब्द वेगळा. आजींनीं डोळे उघडले आणि हातानें त्यांस जवळ बोलाविलें. बाई आधीं संकोचल्या, मग पदराला हात पुसून सतरंजीच्या कडेला येऊन बसल्या. त्यानंतर दोघींनीं मिळून किती ओव्या म्हटल्या तें आम्हीं मोजिलें नाहीं. दहा मिनिटांच्या नियमाचीही कोणास आठवण राहिली नाहीं. स्वयंपाकाच्या बाई आमच्या घरीं नऊ वर्षें येत आहेत. त्यांस ओव्या येतात, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. आम्हीं विचारिलें नव्हतें.

तें ध्वनिमुद्रण आम्हीं पुतणीस पाठविलें, आणि सोबत तिच्या प्रश्नाचें उत्तरही लिहिलें: आत्याआजींच्या ओव्या कोणीं लिहिल्या नाहींत, दोष आमचा आहे, ह्या दोघींच्या मात्र आम्ही लिहून घेत आहों. आतां दर रविवारीं दुपारीं आजींच्या खोलींत वही उघडते. आजवर ६४ ओव्या झाल्या आहेत. जेथें दोघींचे शब्द निराळे आहेत, तेथें दोन्ही पाठ लिहावयाचे, असें ठरलें आहे.

आमच्या वाचकांस आमची विनंती थोडकीच आहे. मोठ्या गवयांच्या मैफलीस अवश्य जावें. उत्तम काय तें तेथें कळतें. परंतु वर्षांतून एक रात्र अशी असावी कीं, जिला निमंत्रणपत्रिका नाहीं. आपल्या वाड्याचें, चाळीचें, इमारतीचें सभागृह त्या रात्रीं उघडावें, भिंतीवर कोरा कागद लावावा, आणि मागच्या दारापाशीं उभें असलेल्यांसही बसावयास सतरंजी पुरेल, एवढें पहावें. आणि आपल्या घरांत कोणी वृद्ध स्त्री असेल, तर तो कागद लावण्याचीही वाट न पाहतां आजच संध्याकाळीं तिच्याजवळ वही घेऊन बसावें.